दिवसा छत्री घेऊन फिरणारा

इंझोरी, ९ नोव्हेंबर

वर्षे,

हे पत्र कोणाकडून लिहून घेतलं म्हणून तू आधी उलटून-पालटून पाहशील. कोणाकडून नाही घेतलं. तुझ्या अंकलिपीवर मी जी अक्षरं गिरवली तीच ही, म्हणून अजून तिच्यातल्यासारखी मोठाली येतात. फोन करावा तर तू नंबर बदलला, आणि किशनरावांच्या फोनवर जावयाशी काय बोलावं हे मला सुचत नाही. लग्न झालं तेव्हापासून त्यांचं तोंड मी फोटोतच पाहिलं.

इकडे सगळं जागच्या जागी आहे. सोयाबीन निघालं, हरभरा पेरला, बांधाकडचा पट्टा रानडुकरांनी उकरला. गाय गाभण आहे. तुझे बाबा गेल्यावर मी रडले नाही असं गावात म्हणतात. खरं आहे. पायाला मुंग्या आल्या की पाय आपलाच असतो पण टेकवला तर कळत नाही, तसं माझं झालं आहे. हातानं कामं होतात. भाकर फुगते.

पत्र शिवमपायी लिहिते. बाबांच्या दुखण्यात तो पुण्याहून आला तो परत गेलाच नाही. कंपनीतून फोन यायचे, आता तेही बंद झाले. मधल्या खोलीत खिडकीला पोत्याचं चवाळं लावून पडून राहतो. आंघोळ सांगितली तर करतो, नाही सांगितली तर नाही. ज्वारीच्या डब्याला फोन टेकवून ठेवतो आणि एकच सिरियल पाहतो. जपानची आहे, हिंदीत बोलतात. मी कार्टून म्हटलं तर म्हणाला, "कार्टून नाही म्हणत याले, ॲनिमे म्हणते." महिनाभरात माझ्याशी एवढंच बोलला.

लहानपणी तुम्ही दोघं एका गोधडीत बसून टीव्ही पाहायचे. तुला हे काय प्रकरण आहे माहीत असलं तर कळव. त्यात माणसं माणसांचं रक्त पितात.

तू भाऊबीजेला नव्हतीस याबद्दल मी काही लिहीत नाही.

आई


इंझोरी, २४ नोव्हेंबर

वर्षे,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन म्हणतो, रिसोडला पत्र पोचलं असेल. पोचलं असेल असं धरूनच लिहिते.

शिवमला सांगून, रागावून पाहिलं. मग विचार केला, तो बाहेर येत नाही तर आपण आत जावं. दुपारी भांडी झाली की मी निवडायचं सूप घेऊन त्याच्या खोलीत जाऊन बसते. तो उठ म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. फोन मात्र थोडा माझ्याकडे वळवला.

तर आता मी तुला ती गोष्ट सांगते. एक माणूस आहे, म्हणजे माणूस नाही, मेलेला आहे पण चालतो-बोलतो. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी त्याला छत्रीवाला म्हणते. रक्तावर जगणाऱ्यांच्या जातीतला, पण त्यानं ते सोडलं. त्याच्या जातीतले जे माजले, गावंच्या गावं खात सुटले, त्यांना तो शोधून मारतो. ऊन लागलं की त्याची कातडी धुपते, म्हणून दिवसा छत्री घेऊन फिरतो. अंगात घोट्यापर्यंत राखाडी कोट, आतून अस्तर जांभळाच्या रंगाचं. हातात पांढरे मोजे. लढाईआधी ते मोजे एकेक बोट ओढून नीट करतो. समोर दात काढून झुंड उभी, आणि हा मोजे नीट करतो.

मग छत्री मिटतो. पाऊस नसताना झटकतो. दांड्यातून पातं निघते. गाणं चाललेलं असते ते गपकन थांबते. तो एकदा गिरकी घेतो, कोटाचं अस्तर तेवढं दिसते, आणि ते सगळे खाली. पुन्हा छत्री उघडून चालायला लागतो. कोटाचं एक बटण सुटत नाही.

पंगतीत एखादा वाढपी असतो बघ, पातळ वरणाची बादली घेऊन पळतो पण धोतरावर थेंब पडू देत नाही. तसं आहे ते. सरळ सांगते, मला आवडलं.

आपल्याकडच्या भुतांना कोणी धड कपडे दिलेच नाहीत. मुंजा पिंपळावर उघडा, हडळ केस सोडून. इस्त्रीतलं भूत मी पहिल्यांदा पाहिलं.

शेजारची हिरीबाई दही मागायला आली ती दारातूनच म्हणाली, "बाप्पा, मायलेकरं दिवसाढवळ्या काय भुतं पाहून राह्यले. अवं सोजरबाई, सुतकाच्या घरात रामायण लावावं." मी तिला दही दिलं आणि पाठवलं. शिवमनं मान वळवूनही पाहिलं नाही.

आई


इंझोरी, १६ डिसेंबर

वर्षे,

तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्या होत्या. शिवमसमोर वाटी ठेवली. त्यानं वाटी फिरवली, एक शेंग उचलली, खाली ठेवली, वाटी बाजूला केली. तेव्हा मला कळलं की हे आपण कुठंतरी पाहिलं आहे.

छत्रीवाला कुठंही मुक्कामाला थांबला की चहा मागतो. त्याला चहा चालत नाही, पोटात राहत नाही. कप समोर येतो, तो कपाचा कान उजवीकडे फिरवतो, वाफ तोंडावर घेतो, आणि उठून जातो. त्याच्यासोबत धनुष्यबाण घेतलेली एक पोरगी असते. ती विचारते, पीत नाहीस तर मागतोस कशाला. तो म्हणतो, करणाऱ्यानं केलेला असतो म्हणून. मला त्या पोरीची दया आली. रोज तिच्यासमोर भरलेला कप थंड होतो.

मी आता दुपारची वाट पाहते, हे तुला लिहायला मला लाज वाटत नाही. शिवमला त्यात काय दिसते याचा मी बराच विचार केला. पोरांना मारामारी आवडते, कोट आवडतो, ते सोड. छत्रीवाल्याच्या छातीतून आरपार सळई गेली तरी त्याच्या तोंडावरची रेघ हलत नाही. जखम तिथल्या तिथं मिटते. तो खाली पाहतो, कोटाला भोक पडलं म्हणून थोडा नाराज होतो, बस. शिवमला वाटत असेल, असं राहता आलं पाहिजे. घाव घ्यायचा आणि तो आत पोचू द्यायचा नाही. मलाही तसंच वाटते. आम्ही दोघं शेजारी बसून तेच शिकतो आहोत.

पण फरक आहे. तो मेलेला असून रोज बटणं लावतो. माझा जिता पोरगा एकाच बनियनवर आहे. मी एकदा म्हटलं, "तुह्या त्या कोटवाल्याकडं पाह्य, मसणातून आला तरी भांग पाडून आला." शिवमच्या ओठाचा कोपरा हलला, किंवा मला तसं वाटलं.

वैद्य झाले, कारंज्याच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या दिल्या आहेत. त्या मी माझ्या हातानं देते, बाटली माझ्या पेटीत ठेवते. का ठेवते ते तुला कळेल. हिरीबाईच्या माहेरचा एक पोरगा असाच पडून राहिला होता, आणि मग नव्हता.

एक गोष्ट आहे जी मी तुला आजवर सांगितली नाही. शिवमनं सांगू नको म्हटलं आहे. त्याच्या शब्दाला किती दिवस धरून राहावं हे मला ठरवता येत नाही. तू उत्तर दिलं असतंस तर ठरवायला सोपं गेलं असतं.

आई


इंझोरी, ५ जानेवारी

वर्षे,

आज सांगते. शिवमनंच सांग म्हटलं असं नाही, पण नको असंही म्हणाला नाही.

परवा छत्रीवाल्याचा एक भाग लागला. एक ओसाड गाव आहे. एकाच घरात एक म्हातारी आजारी पडलेली. माजलेली झुंड तिच्याकडे निघाली आहे. छत्रीवाला आधी पोचतो, पण त्यांच्या जातीत एक नेम आहे, घरच्या माणसानं ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. म्हातारी ग्लानीत आहे. तो दारात उभा राहून हाका मारतो. तिला ऐकू जात नाही. मग तो अंगणातच पाय रोवतो आणि दिवसभर दार राखतो. छत्री फाटते, पाठ जळते. सगळ्यांना मारून वळतो तर आतली म्हातारी गेलेली असते, तिच्या दुखण्यानं. तो कोट झाडतो आणि निघतो.

शिवमनं तो भाग पुन्हा लावला. पुन्हा लावला. मी निवडणं थांबवलं. सहज बोलून गेले, "आपल्यात लेकीचं असंच असते. माहेरचा मुऱ्हाळी आणाले गेल्याबिगर तिले उंबरा ओलांडता येत नाही."

त्यानं फोन पालथा घातला. म्हणाला, "आई, त्याले कोनी ये म्हटलं नोयतं म्हनून तो थांबला. मले तं बाबानं जाय म्हटलं होतं. मी काहून थांबलो?"

वर्षे, तुझ्या बाबांनी तुला बोलावलं होतं.

तू स्वतःच्या मनानं लग्न करून गेल्यापासून या घरात तुझं नाव घ्यायची त्यांनी बंदी केली होती हे तुला माहीत आहे. दुखणं वाढलं तसे ते गप्प झाले. पितृपक्ष लागला त्या आठवड्यात त्यांनी शिवमला उशाशी बोलावलं. म्हणाले, "वर्षीले घेऊन ये. पन आता पित्तरपाट हाय, यात लेक आनत नसते. घट बसले का साडी घे न तू सोता जाय. फोनवर नको. रीतीनं आन तिले, किशनले बी घेऊन ये."

तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. बियाणं टाकायचं तर मुहूर्त, पायात नवी चप्पल घालायची तर वार पाहायचे. तुला इतक्या वर्षांनी आणायचं तर कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये असं त्यांना वाटलं. शिवमनं कारंज्याला जाऊन साडी आणून ठेवली. हिरव्या काठाची आहे. घट बसायच्या आधीच ते गेले.

मयताला बोलावणं लागत नाही म्हणतात. हिरीबाईनं किशनरावांच्या फोनवर तुला कळवलं तेव्हा तू एकच विचारलंस म्हणे, बाबानं माझं नाव काढलं का. तिला काय माहीत, ती नाही म्हणाली. मग तू म्हणालीस, जित्या बापाला मी नको होते तर मेल्या बापाचं तोंड पाहून काय करू. हिरीबाईनं ते शिवमसमोरच सांगितलं. तेव्हापासून तो असा आहे.

मी त्याला म्हटलं, तू बापाचं ऐकलं, यात तुझं काय चुकलं. तो म्हणाला, "बाबाले काय मालूम होतं तो जानार हाय ते." एवढं बोलून पुन्हा फोन सरळ केला.

आई


इंझोरी, २२ जानेवारी

वर्षे,

तू हिरीबाईला फोन केलास. मला नाही केलास, ते असू दे. तिनं तुझा शब्दन् शब्द सांगितला. तू म्हणालीस, पत्रातलं मी मानत नाही, आई मला बोलवायसाठी काहीही लिहील. बाबा खरंच तसं बोलले असतील तर ज्याला सांगितलं त्यानं माझ्या दारात येऊन सांगावं. तोवर मी येणार नाही.

बरोबर आहे तुझं. मी रागावले नाही.

शिवमला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवला नाही, गोळीही तोंडातून काढून टाकली, मी पुन्हा दिली. मला वाटलं, आता हा खोलीतून निघत नाही. सिरियल संपली आहे. पुढचा भाग कधी येईल ते जपानवाल्यांना माहीत. त्यानं पहिल्यापासून पुन्हा लावली. मीही पुन्हा पाहते. आता मला कोण कधी मरणार ते माहीत आहे, तरी पाहते. पहिल्यांदा पाहताना घाबरायची, आता कोटाचा घोळ पाहते.

मागच्या गुरुवारी हिरीबाई परत आली. तूर सोंगायला बाया मिळत नाहीत ते सांगत होती. बोलता बोलता वाकून फोनमध्ये पाहिलं. छत्रीवाला उन्हातून एकटा रस्त्यानं चालला होता, मागं धूळ. हिरीबाई म्हणाली, "आता माय, हे तं आपले जगदेवभाऊ. बजाराले निंगाले."

वर्षे, तू डोळे मिटून पाहा. चैताच्या उन्हात बाबा कारंज्याच्या बाजाराला निघाले आहेत. धोतराच्या निऱ्या गादीखाली दाबून ठेवलेल्या. त्यावर तो राखी कोट, वरपर्यंत बटणं लावलेला, आणि काळी छत्री. लोक घामानं निथळायचे आणि यांच्या कपाळावर थेंब नाही. रस्त्यात कोणी भांडायला आला तरी आधी छत्री मिटायचे, बगलेत धरायचे, मग बोलायचे. तू हसायचीस त्यांना, चालले साहेब म्हणून.

मी महिनोन् महिने बसून पाहिलं आणि मला दिसलं नाही. शिवमला पहिल्या दिवसापासून दिसलं असेल.

तो हिरीबाईकडे पाहत राहिला. मग हसायला लागला. आवाज करून हसला. हिरीबाईपण हसली, तिला वाटलं तिचा विनोद जमला. हसता हसता त्याचं हसणं कधी फिरलं ते तिला कळलंच नाही. ती घाबरून घरी गेली. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ तसाच होता. माझे डोळे कोरडेच राहिले. मी त्याच्या केसांत हात फिरवत होते आणि केस किती वाढले आहेत एवढंच मनात येत होतं.

तेव्हापासून खिडकीवरचं चवाळं काढलं आहे. ते त्यानं काढलं की वाऱ्यानं पडलं, मी विचारलं नाही. तुझ्याकडे यायचं नाव अजून घेतलं नाही. तू वाट पाहत असशील तर पाहू नको असं मी म्हणणार नाही, आणि पाहा असंही म्हणणार नाही. मला माहीत नाही.

आई


इंझोरी, १७ फेब्रुवारी, सकाळ

वर्षे,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. ज्याच्या हातून तुला मिळेल तो बाहेर ओट्यावर बसला आहे.

सकाळी मी गोठ्यातून आले तर तो आंघोळ करून उभा. न्हाव्याकडे काल संध्याकाळीच जाऊन आला होता, मला वाटलं असाच गेला असेल. मला म्हणाला, रिसोडले जातो. मी भाकरी टाकायला बसले, हात चालत नव्हते पण टाकल्या.

तेवढ्यात हिरीबाई आली. तिला कळलं तशी दारातच आडवी आली. म्हणाली, "अरे शिवम, आज अवस हाय. अवसेले कोनी लेक आनाले जाते का? उद्या जाय. एक दिवसानं काय होते?"

मी पिठाचे हात घेऊन बाहेर आले. मलाही वाटलं, हिचं खोटं नाही. तुझे बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. पण मी तोंड उघडलं नाही. शिवमनं हिरीबाईला हातानं बाजूला केलं, हळूच, जशी गाय बाजूला करतात तशी. म्हणाला, "काकू, चांगला दिवस पाह्यला होता आमी."

ती घरी जाऊन नारळ घेऊन आली. त्यानं तो घेतला नाही. साडी पिशवीत घाल म्हटलं तर म्हणाला, ताई आल्यावर इथंच नेसेल. रिकाम्या हातानं निघाला आहे. मुऱ्हाळी असा जात नसतो, पण हा चालला.

इथून कारंजा, कारंज्याहून वाशीम, तिथून रिसोड. तुझ्याकडे पोचेपर्यंत दुपार कलेल. कालचा न्हावी सोडला तर इतक्या दिवसांत तो एकटा आपल्या गल्लीच्या टोकापर्यंतही गेला नाही, आणि आज तीन गाड्या बदलणार आहे. मला भीती वाटते की वाशीमच्या स्टँडवरूनच परत फिरेल. फिरला तर हे पत्र तुला मिळणारच नाही, मग लिहून काय उपयोग. तरी लिहिते.

मिळालं असेल तर एवढं कर. तुझ्या बाबांनी काय म्हटलं ते तो सांगेल, त्याला पूर्ण सांगू दे. मधेच तोडलं तर त्याला पुन्हा जुळवता येणार नाही. तो शेवटी म्हणेल की माझी चूक झाली. तेव्हा तू काय म्हणावं हे मी शिकवणार नाही, तो तुमचा बहीणभावाचा मामला आहे. तुला राग काढायचा असेल तर काढ, पण आधी जेवू घाल. किशनराव घरी असतील तर त्यांना म्हणावं, साळ्याशी हवापाण्याचं बोला. दुपारची गोळी खिशात आहे, जेवणावर द्यायची.

तुला यायचं असेल तर आज अवस आहे म्हणून थांबू नको. यायचं नसेल तर त्याला रात्रभर ठेवून घे, एकट्याला संध्याकाळच्या गाडीत बसवू नको. इतकं तर तू करशीलच.

बाहेर तो हाक मारतो आहे, "आई, झालं का लिहून, गाडी येते." त्याचा आवाज मोठा निघाला. मी पेन हातात धरून ऐकत बसले आहे आणि ही ओळ मला नीट दिसत नाही, म्हणून इथंच सोडते.